आईच्या दहावीला आम्ही केलेली मदत

ज्या वर्षी आई दहावीला बसली, त्या वर्षी आमच्या घरातल्या प्रत्येकाने तिला मदत केली. हे आधीच सांगून टाकते, कारण आजही घरात तो विषय निघाला की जो तो आपापल्या मदतीची हकिकत सांगायला लागतो आणि आई उठून काहीतरी निवडायला घेते. मी तेव्हा जळगावला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. शनिवारी एस.टी.ने चोपड्याला घरी यायचे आणि उरलेल्या वेळात एका युवक संघटनेची पत्रकं लिहायचे. पत्रकाच्या शेवटी मदत करणाऱ्यांची नावं छापून आभार मानायची पद्धत असते. इथे नावं छापायची नाहीत आणि आभारही मानायचे नाहीत.

आई महिला मंडळाच्या बालवाडीत शिकवायची. नववीत असताना तिचं लग्न झालं होतं, त्यामुळे तिच्याकडे दाखला असा फक्त आठवीचा. इतकी वर्षं त्यावाचून कोणाचं अडलं नव्हतं. नाक पुसायला, चपला नीट लावायला आणि शंभरपर्यंत आकडे शिकवायला दहावी लागत नाही. पण मंडळाला अनुदान मिळायला लागलं आणि वरून कागद आला की शिक्षिका दहावी पास पाहिजे. दीड वर्षात दाखला आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला द्या. म्हणजे एक मार्च आणि एक ऑक्टोबर, एवढ्या दोनच संधी. अध्यक्षबाईंनी हा कागद आईला वाचून दाखवला तेव्हा त्यांच्या पदवीधर सूनबाई शेजारीच बसल्या होत्या आणि बालवाडीच्या भिंतींना कुठला रंग शोभेल ते बघत होत्या.

आईने कोणाला न विचारता सतरा नंबरचा फॉर्म आणला. शाळा सुटलेल्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा तो फॉर्म. भरून झाल्यावर तिने तो आबांच्या पुढ्यात ठेवला. आबा म्हणजे माझे वडील. गावातल्या हायस्कूलमध्ये ते गणित शिकवायचे. सरांच्या हाताखालून गेलेला मुलगा गणितात राहत नाही, अशी त्यांची तालुकाभर ख्याती होती. दुसरी ख्याती कॉपीबद्दलची. परीक्षेला सुपरवायझर म्हणून आबा वर्गात आले की पोरं स्वतःहून मोजे काढून चिठ्ठ्या बाहेर टाकायची, असं सांगायचे. शाळेमागच्या निंबावर चढून लोक खिडकीतून चिठ्ठ्या फेकतात म्हणून त्यांनी हेडमास्तरांच्या मागे लागून त्या निंबाची एक जाड फांदीसुद्धा तोडवली होती.

त्यांनी फॉर्म वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "बसायला माझी हरकत नाही. पण नापास झालीस तर मला शाळेत तोंड दाखवता येणार नाही."

आई म्हणाली की म्हणूनच तुम्ही गणित शिकवा. त्यावर आबांनी गणित घरात शिकवता येत नाही, त्याला वातावरण लागतं, असा शोध लावला. हे वातावरण आमच्याच ओट्यावर रोज सकाळी सतरंजी टाकून पसरलेलं असायचं. त्यात किराणा दुकानदाराचा मुलगा असायचा, पोस्टमास्तरांचा असायचा, दोन केळीवाल्यांचे असायचे. आई भिंतीपलीकडे भाकरी थापत ऐकायची. ओट्यावर येऊन बसू का, असं तिने एकदा विचारलं, तर पोरांत बसलेली बरी दिसशील का, म्हणून आबांनी तो विषय मिटवला.

मात्र मदत केली नाही असं आबांना कोणी म्हणू नये. होमिओपॅथी हा त्यांचा छंद होता. त्यांच्याकडे एक लाकडी पेटी होती आणि तीत गावातल्या सगळ्या रोगांसाठी साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या होत्या. त्यांनी आईला स्मरणशक्तीच्या गोळ्या दिल्या. सकाळी चार, संध्याकाळी चार, घेण्याआधी कांदा-लसूण वर्ज्य. खानदेशात राहून कांदा-लसूण वर्ज्य करायचा म्हणजे उपाशी राहायचं. आईने दोन दिवस गोळ्या घेतल्या आणि मग त्या बालवाडीत नेऊन वाटल्या. पोरांना फार आवडल्या.

धाकटा भाऊ त्याच वर्षी बारावीला होता. बारावी म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात मुलगा बारावीला गेला आहे त्यांनाच ठाऊक. पुढची खोली त्याची. टेबललॅम्प त्याचा. तो वाचायला बसला की कुकरची शिट्टी काढून ठेवायची, कपडे आपटायचे नाहीत, दुपारी आलेल्या बायकांना बाहेरच्या बाहेर परतवायचं. आणि आई वाचायला बसली की त्याच घरात एकाएकी कोणाचा टॉवेल सापडेनासा व्हायचा. आबांना धोतराची पिन हवी असायची, भावाला बनियन हवं असायचं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाचायची, म्हणजे आतलं आणि बाहेरचं, दोन्हीकडचं ऐकू येईल अशा ठिकाणी. जागा तिची तिनेच निवडली, असं आबा आजही सांगतात.

भावाचा छंद टेपरेकॉर्डर. उघडायचा, जोडायचा, परत उघडायचा. आईला हातातलं काम सोडायला नको म्हणून त्याने इतिहासाची उत्तरं स्वतः वाचून कॅसेटमध्ये भरली. कल्पना चांगली होती, हे मीही मान्य करते. आई भांडी घासताना ती लावायची. मराठ्यांची फौज पानिपतापर्यंत पोचायची, यमुनेच्या काठी तळ पडायचा, आणि तिथून पुढे एकदम क्रिकेटची कॉमेंटरी सुरू व्हायची. रिकामी कॅसेट नव्हती म्हणून त्याने मधला भाग परत वापरला होता. पानिपताचा निकाल आईला शेवटी पुस्तकातच वाचावा लागला.

माझ्या संघटनेनेही हातभार लावला. संसार सांभाळून शिकणाऱ्या मातेचा जागतिक महिलादिनी जाहीर सत्कार करायचा, असं बैठकीत ठरलं. ठराव एकमताने झाला. बैठकीला सगळे पुरुष कार्यकर्ते होते आणि मी होते. सत्कार आमच्याच अंगणात होणार होता आणि आलेल्यांसाठी पोहे करायचे होते. पोहे कोण करणार, यावर चर्चा झाली नाही, कारण तो ठरावाचा विषय नव्हता. आईला तारीख सांगितली तेव्हा तिने एवढंच विचारलं की त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपर असेल, हे तुमच्या बैठकीत कोणाला माहीत होतं का. सत्कार रद्द झाला. आमचे अध्यक्ष म्हणाले, महिलांकडूनच प्रतिसाद मिळत नाही, ही चळवळीची शोकांतिका आहे.

वर्ष असं चाललं होतं. श्रावणात कानबाई, खानदेशात घरोघरी बसवतात ती देवी, आली. तिच्या रोटाचा, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, नियम असा की रोट संपेपर्यंत घरात दुसरं काही शिजवायचं नाही. आईने हिशेब केला होता की रोट एकदा भाजून झाले की पुढचे दोन दिवस चूल बंद, तेवढ्यात इंग्रजीची क्रियापदं उरकून घेऊ. तिने ती एका कागदावर लिहून चुलीमागच्या भिंतीला चिकटवलीही. पण भाऊबंद जमले ते रोट खाऊन थांबले नाहीत. चहाला कानबाईची मनाई नव्हती. दोन दिवस चहाच उकळत राहिला आणि क्रियापदं वाफेने सुटून खाली पडली. दिवाळीत काकांकडे कापूस वेचायला मजूर मिळेनात, तेव्हा बालवाडीला सुट्टीच आहे, या कारणावरून आईला शेतात बोलावलं. मलाही बोलावलं होतं, मी गेले नाही. भावाला कोणी बोलावलंच नाही, त्याची बारावी होती.

फेब्रुवारी संपता संपता धुळ्याकडून फुई आली. आबांची मोठी बहीण. आईच्या परीक्षेपर्यंत घर मी सांभाळते, असं म्हणून ती पेटी, गादी आणि गुडघ्याचं तेल घेऊन उतरली. "तू वाच वं, मी शे ना," असं तिने आल्या आल्या आईला सांगितलं आणि पलंगावर बसली. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नव्हतं, उभं राहवत नव्हतं आणि एकटीला करमत नव्हतं. तिला तीन वेळा चहा लागायचा, दोन वेळा तेल चोळून लागायचं, आणि आई पुस्तक घेऊन बसली की ती प्रेमाने जवळ येऊन, काय वाचतेस, असं विचारायची. विचारल्यावर सांगावं लागायचं. सांगितल्यावर तिला तिच्या सासरचं काही आठवायचं. आईचा भूगोल फुईच्या सासरच्या नदीपाशी अडकला तो तिथेच.

तरीही भाषांचे पेपर झाले. आई घरी येऊन बरे गेले म्हणाली. तिचं केंद्र आबांच्याच शाळेत होतं. बायको परीक्षेला बसली म्हणून आबांना त्या वर्षी सुपरवायझर नेमलं नव्हतं आणि ते घरात पेपराच्या वेळी येरझाऱ्या घालत असायचे. आता सोमवारी गणिताचा पहिला पेपर होता. मधला रविवार मोकळा होता. आईने तो रविवार, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःसाठी मागून घेतला.

शनिवारी संध्याकाळी काका आले. आबांचे धाकटे भाऊ. आई आणि आबा त्यांना नाना म्हणायचे. गावाबाहेर त्यांची केळी आणि कापसाची शेती होती आणि त्यांचा छंद होता भरीत. बाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडचा पुरुष वर्षभर पाण्याच्या पेल्यासाठीसुद्धा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही. पण थंडी पडली, हिरवी लांब वांगी बाजारात आली की त्याच्या अंगात बल्लवाचार्य येतो. शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, पोत्याने वांगी भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी उखळात, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून ती ठेचायची, वर तेल ओतायचं आणि केळीच्या पानावर शंभर लोकांना वाढून, हे आम्ही केलं, असं सांगायचं. भाजलेली गरम वांगी सोलतात बायका. मिरच्या निवडतात बायका. ज्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांशिवाय ते भरीत घशाखाली उतरत नाही, त्या पुऱ्या शेतातल्या खोपीमागे, धुरात, बायका तळतात. तेल ओतायच्या वेळी मात्र सगळे पुरुष गोळा होतात, कारण तेव्हा चर्र असा आवाज येतो.

काका म्हणाले, हंगामातलं शेवटचं भरीत उद्या टाकलंय, आणि ते वहिनीच्या परीक्षेच्या नावाने टाकलंय. सगळ्यांचे आशीर्वाद मिळतील. लोकांना सांगूनही झालंय.

मी जे बोलायचं ते बोलले. पत्रकी भाषेत बोलले, तेव्हा काकांनी कौतुकाने आबांकडे बघून, पोरगी भाषण चांगलं करते, असं म्हटलं. आबा म्हणाले, नानाने एवढं मनावर घेतलंय तर नाही कसं म्हणायचं. सकाळी जाऊन दुपारी परत येऊ. फुई म्हणाली, मोकळी हवा डोक्याला चांगली. आईने कोणाशी वाद घातला नाही. तिने गणिताचं पुस्तक पिशवीत टाकलं आणि पिठाचा डबा काढला.

रविवारी शेतात गेलो तेव्हा मला एक गोष्ट बघून बरं वाटलं, संघटनेचं साहित्य तळागाळापर्यंत पोचलं होतं. कॉपी म्हणजे चोरी, या मथळ्याचं मी लिहिलेलं पत्रक काकांच्या गड्याने जाळ पेटवायला गठ्ठ्याने आणलं होतं. आई, काकू आणि मी खोपीमागे बसलो. आई पुऱ्या तळत होती, मी लाटत होते. पुस्तक पिशवीत आणि पिशवी खुंटीला. पहिली पंगत बसली. गावातली बडी मंडळी होती: खताचा दुकानदार, पोस्टमास्तर, केळीवाले, शाळेतले दोन शिक्षक. बहुतेकांची मुलं त्या वर्षी दहावीला, आईच्याच वर्गखोलीत.

पुऱ्यांची परात घेऊन आई बाहेर आली तेव्हा काकांनी पंगतीत उभं राहून जाहीर केलं, "वहिनी, आते काळजी सोडी द्या. खिडकीजोडे नंबर शे तुमना. बठ्ठी व्यवस्था व्हई जायेल शे."

खिडकीजवळच्या नंबराची सगळी व्यवस्था झाली म्हणजे काय, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. पेपर सुरू झाल्यावर अर्ध्या तासात त्याची एक प्रत पाणी देणाऱ्याच्या हातून बाहेर यायची. शाळेमागच्या एका घरात इंजिनिअरिंगला गेलेली पोरं ती सोडवायला बसायची. उत्तरं दगडाला गुंडाळून निंबावरून खिडकीत यायची आणि त्या रांगेत पुढे-मागे फिरायची. आजवर ही सोय मुलांसाठी होती. या वर्षी घरची वहिनी बसणार म्हणून काकांनी जातीने लक्ष घातलं होतं. पंगतीने माना डोलावल्या. खताचा दुकानदार म्हणाला, चला, आपल्या सगळ्यांच्याच लेकरांचं होऊन जाईल.

मग सगळ्यांनी आबांकडे बघितलं. कारण निंबाची फांदी तोडणारे आबाच. मीही बघितलं. मला वाटलं, आता आबा पानावरून उठतील. आबांनी भरताचा घास घेतला, कांद्याची पात तोडली आणि म्हणाले, "भरीत जरा तिखट झालंय, नाना."

आईने परात खाली ठेवली. एवढ्या लोकांत तिने आबांना कधी काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मला येत नाही, असं वाटतं का तुम्हाला?"

"येण्या-न येण्याचा प्रश्न नाही," आबा पानाकडे बघत म्हणाले. "पेपर कसा निघेल, काय सांगावं."

"मग प्रश्न कशाचा आहे?"

आबांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. फुई मध्ये पडली, तिने आईला हळूच सांगितलं की पुरुष माणूस चारचौघांत काय बोलणार, घरी गेल्यावर विचार. आईने तिचं ऐकून घेतलं. मग पदराला हात पुसले, आत जाऊन खुंटीची पिशवी घेतली आणि काकांना म्हणाली, "नाना, पीठ मळलेलं आहे. तेल तापलेलं आहे. मी घरी जाते."

आम्ही दोघी बांधावरून रस्त्याला लागलो. केळीचे घड भरलेला एक ट्रॅक्टर गावाकडे निघाला होता, त्याच्या ट्रॉलीत कडेला बसलो. आईने पुस्तक उघडलं, पण रस्ता असा होता की अक्षरं दिसेनात, तेव्हा ते मिटून डोळेही मिटले. ओठ हलत होते. सूत्रं म्हणत होती की आबांना काही म्हणत होती, मी विचारलं नाही. मागे काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. काकूंनी आपलीही कंबर दुखते म्हणून हात वर केले. पुरुषांनी पुऱ्या लाटून बघितल्या, त्या तेलात फुगेनात. दुसऱ्या पंगतीला गावातून पाव आणून भरताबरोबर वाढावा लागला. खानदेशी पुरुषाच्या अब्रूवर याहून मोठा घाला मी ऐकलेला नाही.

सोमवारी मी कॉलेज बुडवून शाळेच्या फाटकाबाहेर उभी होते. परीक्षा म्हणजे आमच्याकडे जत्राच असते. रसाच्या गाड्या लागल्या होत्या. बाप, काका, मामा, क्लासवाले, सगळे आले होते. बंदोबस्ताचा पोलीस सावली बघून बसला होता आणि सावली नेमकी निंबाकडे पाठ करून बसावं अशा जागी पडली होती. आबा आले नव्हते. ते घरी होमिओपॅथीच्या बाटल्या पुसत होते. काका निंबाखाली उभे राहून वर चढलेल्या पोरांना हाताने खुणा करत होते. तासाभराने पहिला दगड गेला. मग दुसरा गेला. मग खिडकीत आई दिसली. तिने एक झडप ओढली, दुसरी ओढली आणि कडी लावली. तिसरा दगड लाकडावर आपटून खाली पडला.

"वहिनीनी खिडकी लाई लिधी," काका म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत, इतकं त्यांना ते समजेना.

आतलं आईने नंतर सांगितलं. पहिली चिठ्ठी तिच्या बाकावर पडली ती तिने जमिनीवर टाकली. दुसरी पडली तेव्हा मागचा मुलगा, बाई, ती माझी, म्हणून पुढे वाकला. त्या रांगेतली निम्मी पोरं तिच्या बालवाडीतली, म्हणून तिला अजूनही बाईच म्हणायची. तेव्हा ती उठली. सुपरवायझरांनी वर्तमानपत्रातून डोकं काढून, काय झालं, असं विचारलं. ऊन येतंय, असं ती म्हणाली. खिडकी उत्तरेची होती. सुपरवायझरांनी खिडकीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि परत वर्तमानपत्रात गेले. पोरं उठून, बाई, उघडा ना, अशी गयावया करायला लागली. ती बालवाडीतल्या आवाजात, बसा खाली, म्हणाली, आणि ती पोरं, ओठांवर मिशा फुटलेली पोरं, खाली बसली.

संध्याकाळी कालची अर्धी पंगत आमच्या ओट्यावर हजर. आबांनी खुर्च्या दिल्या. खताच्या दुकानदाराने सुरुवात केली की सर, हे काही बरं झालं नाही, आमच्या पोराच्या वर्षाचा प्रश्न आहे. पोस्टमास्तर म्हणाले, उद्या भूमिती आहे, तेव्हा असं व्हायला नको. मी आबांच्या तोंडाकडे बघत होते. ज्या आबांनी कॉपीवाल्यांना हाताला धरून बाहेर काढलं होतं, त्यांच्याच दारात आज लोक कॉपीचा हक्क मागायला बसले होते. याहून चांगली संधी माणसाला आयुष्यात मिळत नाही. आबा म्हणाले, "मी बोलतो तिच्याशी."

चहा घेऊन आईच बाहेर आली. दुकानदाराने तिलाच विचारलं, "वहिनी, तुम्हाला नको होतं तर ठीक. बाकीच्यांची सोय कशाला मोडायची?"

"उद्या भूमिती आहे ना?" आई म्हणाली. "मग तुम्ही इथे काय करताय? घरी जाऊन त्याला अभ्यासाला बसवा." आणि चहाचा ट्रे तिथेच ठेवून आत गेली, कारण भूमिती तिलाही होती.

भूमितीच्या दिवशी तिचा बाक बदलला. प्रकाश नीट मिळावा म्हणून, असं सांगण्यात आलं. नवा बाक भिंतीकडच्या कोपऱ्यात, सगळ्यांत अंधाऱ्या जागी होता. खिडकी दिवसभर सताड उघडी राहिली.

निकाल जूनमध्ये लागला. भावाला बारावीला चांगले मार्क मिळाले, आबांनी पेढे आणले आणि गल्लीत वाटले. आई सगळ्या विषयांत पास झाली होती आणि गणितात नापास. खिडकीच्या रांगेतले बहुतेक पास. काका येऊन सांगून गेले की खिडकी उघडी ठेवली असती तर ही वेळ आली नसती. मला वाटलं, आई रडेल. ती दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन ऑक्टोबरच्या फॉर्मची तारीख विचारून आली. ऑक्टोबरात ती गणितात पास झाली आणि बालवाडीही तिच्याकडेच राहिली. अध्यक्षबाईंच्या सूनबाईंनी भिंतींचा रंग तेवढा स्वतःच्या पसंतीने लावून घेतला. पण माझ्या मनात राहिला आहे तो निकालानंतरचा आठवडा.

शाळा उघडणार होती. आबांनी आईला सांगितलं की कोणी विचारलं तर निकाल राखून ठेवलाय, असं म्हणायचं.

"राखून कोणाचा ठेवतात, माहीत आहे ना तुम्हाला?" आई म्हणाली. "कॉपीवाल्यांचा."

आबांनी होमिओपॅथीची पेटी उघडली. दोन दिवस तब्येत बरी नाही म्हणून शाळेत गेले नाहीत, पेटीतल्या गोळ्या घेत राहिले. तिसऱ्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, डबाही न घेता गेले. संध्याकाळी परत आले ते दारातच उभे. चपला काढायचं लक्षात नव्हतं.

"सांगितलं मी," ते म्हणाले. "स्टाफरूममध्ये सगळे होते. कोणी विचारायच्या आत मीच सांगितलं, गणितात राहिली म्हणून."

"मग?"

"कोणी काही म्हटलंच नाही. ड्रॉइंगच्या सरांनी विचारलं, ही छत्री कोणाची राहिलीय."

आई कणीक भिजवत होती. तिचा हात थांबला. "मग वर्षभर कोणाला भीत होतात तुम्ही?"

संघटनेतल्या सवयीप्रमाणे मला तिथे दोन शब्द बोलायचे होते. आईने डोळ्यांनी मला गप्प बसवलं. आबांनी चपला काढल्या, चष्मा पुसला, इकडेतिकडे बघितलं आणि पुस्तक कुठे आहे, असं विचारलं. ते कुठे असतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"कुठून अडलंय तुझं?"

"पहिल्यापासून," आई म्हणाली. "आणि आत्ताच बसू या."

त्या दिवशी जेवायला उशीर झाला. भावाने येऊन दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला पोळपाट कुठे असतो ते दाखवलं.